दुखतंय म्हणजे लागू पडतंय

ओरियाक
रविवार, ४ मे

मुरिएल,

अक्षर ओळखून तू पाकीट न फोडता बाजूला ठेवशील, पण कचऱ्यात टाकणार नाहीस. कागद फेकायला आईने आपल्या दोघींनाही शिकवलंच नाही. म्हणजे हे पत्र तुझ्या स्वयंपाकघरातल्या त्या निळ्या टोपलीत, विजेच्या बिलांखाली पडून राहील. राहू दे. माझा नंबर तू अडवून ठेवलायस, टपाल अडवता येत नाही.

इकडे सगळं ठीक. थंडी अजून हटत नाही. बाजारातला रोपवाला रोज बजावतो, हिमसंतांचे, मेच्या मध्यातले शेवटच्या थंडीचे, दिवस सरल्याशिवाय जिरेनियम बाहेर ठेवू नका, आणि मी दरवर्षी ठेवते आणि दरवर्षी थंडीत जाळून घेते. दुकान बरं चाललंय, मालिशच्या टेबलाला उसंत नाही. मे महिना म्हणजे आमची सुगी. वर्षभर लोकरी पायमोजे घालून बसलेल्या बायकांना अचानक आठवतं की जुलैत समुद्रावर जायचंय, आणि मग सगळ्या आपापल्या मांड्या घेऊन माझ्या दारात येतात.

आता मुद्द्याचं. सोलेन माझ्याकडे येते.

घाबरू नकोस. शनिवारी क्लेरमाँहून गाडीने येते, रात्री राहते, रविवारी परत जाते. परीक्षा तोंडावर आहेत, दिवसचे दिवस खुर्चीला चिकटून असते, वसतिगृहात कसलं तरी पाकिटातलं सूप पिते. मी तिला चीज-बटाट्याची त्रुफाद करून घालते. दोनदा वाढून घेते. हसली की हुबेहूब तू, म्हणजे तू हसायचीस तेव्हाची. तुला सांगितलं नाही म्हणून तिच्यावर आग पाखडू नकोस. विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस, आणि ती आली असतीच.

मी तिला काही शिकवत नाही, काही विकत नाही. खाली दुकानात तिचं काही काम नसतं. कधी उतरते, टेबलावर आडवी पडते, गप्पा मारतो, बस.

तू म्हणशील, मग लिहितेस कशाला? तर भीती वाटते म्हणून. तुला कळलं तर तू तिला यायला बंदी करशील, ही एक. चार वर्षांत आपल्या घरातलं माझा जिना चढून आलेलं ते एकच माणूस आहे, मुरिएल. आणि तुला न कळवता तुझं पोर आठवड्याला घरात घ्यायचं, ही चोरीच, त्या चोरीची भीती दुसरी. दोन्ही तोलून बघितल्या आणि या पाकिटाला हिरवं तिकीट लावलं, तीन दिवसांनी पोचणारं. तेवढ्यात माझं मन बदललं तरी पत्र काही माघारी येणार नाही, हे बरं.

ओडील


ओरियाक
रविवार, ११ मे

मुरिएल,

उत्तर येणार नव्हतंच.

मागच्या पत्रात मी अर्धं लिहिलं. टेबलावर आडवी पडते, ते खरं. मी तिच्या मांड्या लाटते, हे गाळलं. तिने शपथ घातली होती, "आईला एक अक्षर नाही, मावशी." आता मोडते. तिला सांगू नकोस.

एप्रिलात पहिल्यांदा आली तेव्हा तिने कपडे काढले नाहीत. हातात फोन घेऊन उभी. कुणा मैत्रिणीने तलावावर काढलेला फोटो दाखवला. मागून. मला त्यात एक उंच, छान पोरगी दिसली. तिने दोन बोटांनी तो मोठा केला, आणखी मोठा केला, आणि मांडीचा बोटभर तुकडा माझ्या नाकासमोर धरला.

"हे जाईल ना?"

"नाही."

"नाही म्हणजे? मग बायका तुला पैसे कशाचे देतात?"

"कमी दिसेल, त्याचे. जाईल असं मी आजवर कुणाला म्हटलेलं नाही, आणि जी म्हणते तिच्या दुकानात पाऊल ठेवू नकोस."

मग तिला समजावलं. तुला हे सगळं माहीत आहे, तू शिकलेली फिजिओ, पण मी कसं समजावते ते तू कधी ऐकलं नाहीस. मी म्हटलं, टाचे घातलेली गादी बघितलीस ना? दोरा आतून गादीला खाली ओढून धरतो आणि दोऱ्यांच्या मधला कापूस वर फुगतो. तसंच. कातडीखाली दोऱ्या आहेत, त्यांच्या मधून चरबी वर येते, दोरी जागची हलत नाही, तिथे खळगा पडतो. लोक म्हणतात संत्र्याची साल. पुरुषांच्या दोऱ्या तिरप्या, जाळीसारख्या, म्हणून त्यांचं दिसत नाही. बायकांच्या उभ्या. बारीक बाईलाही होतं, खेळाडूलाही होतं. हा रोग नाही. दहा बायका समुद्रावर उभ्या कर, नऊ जणींना आहे, आणि दहावी खोटं बोलते.

"मग तू काय करतेस?"

"चिमटीत कातडी धरते आणि लाटत वर नेते. रक्त खेळतं, पाणी सरकतं, चार-सहा आठवडे गुळगुळीत दिसतं. शेजारच्या गल्लीतल्या बाईकडे रूळ फिरवणारं आणि कातडी ओढून घेणारं यंत्र आहे, ते तेच करतं, फक्त बिल जास्त. कुणी आतून ऊब देतात, त्याने कातडी जरा ताठ होते. कॉफीचं मलम आहे, चोळलंस तर चोळल्याचा उपयोग, कॉफीचा थोडाच. आणि सगळं सोडलंस की परत जैसे थे."

इतकं सांगून कुणीही घरी गेलं असतं. ती टेबलावर चढली.

"जुलैत सेतला आमच्याकडे सगळे येणारेत," म्हणाली. "आपल्याच किनाऱ्यावर मी पँट घालून बसू? आईसारखी?"

मग तिने पालथी पडून, तोंड उशीत घालून सांगितलं, "त्या जेवणाला मीपण होते, मावशी."

तुझ्या पन्नाशीचं जेवण. तू सगळ्यांसमोर म्हणालीस की मी बायकांच्या लाजेवर पोट भरते, आणि मी पेला खाली ठेवून म्हटलं की लाज तर तूच वर्षानुवर्षं पँटीत झाकून हिंडतेस, समुद्राकाठी राहून पाण्यात पाय घालत नाहीस, एकदा माझ्याकडे ये, मांड्या फुकट मापून देते. सगळे हसले होते. ती सोळा वर्षांची होती, टेबलाच्या टोकाला बसून हसली नव्हती, एवढं मला आठवतं.

तर मी लाटते. जोरात लाटते, कारण तिला जोरात हवंय. इथल्या बायका तुला माहीत आहेतच. सुंदर व्हायचं तर सोसायला हवं, हे त्यांना आईच्या दुधातून मिळालेलं. हळू हात लावला तर पैसे वाया गेले असं वाटतं. खाटकाची बायको, मादाम वेर्दिये, बाजारात चीजच्या गाडीपाशी स्कर्ट वर करून काळेनिळे डाग दाखवते, "ओडीलच्या हातचे!" म्हणून, आणि दुसऱ्या दिवशी मला दोन नवी गिऱ्हाइकं मिळतात. दुकानात आमची एक म्हणच आहे: दुखतंय म्हणजे लागू पडतंय. मी म्हणते, त्या म्हणतात, आणि दात आवळून पडून राहतात.

काल सोलेन म्हणाली, "डावी पोटरी दुखतेय. दगड झालाय नुसता."

"पोटरीला मी हात कुठे लावलाय? मी मांडी लाटते."

"मग मांडीतलं खाली उतरलं असेल," म्हणाली, आणि आम्ही दोघी हसलो. मी तिच्या पायावर चापट मारून म्हटलं, दुखतंय म्हणजे लागू पडतंय.

तेव्हा मजा वाटली होती. आता लिहून बघितलं तर तेवढी वाटत नाही.

तू जवळ असतीस तर विचारलं असतं, तुझा तो धंदाच आहे. मांडी लाटल्यावर पोटरी का दुखावी गं? खुर्चीत बसून बसून? गाडीत अवघडून? माझंच मन मला खातंय की खरंच काही आहे? एक ओळ पाठव. माझ्यावर कितीही चिडलेली अस, पण एक ओळ पाठव.

ओडील


ओरियाक
रविवार, १८ मे, सकाळी

मुरिएल,

ओळ आली नाही. घाईत लिहितेय, अक्षर लावून वाच.

सोलेन वर झोपली आहे. मी खाली दुकानात, टेबलाशेजारच्या स्टुलावर बसून लिहितेय. काल काय झालं ते क्रमाने लिहिते, म्हणजे मलाही कळेल.

तिला काल आकडे बघायचे होते. खरं म्हणजे मी सुरुवातीला मापते आणि शेवटी, मध्ये कधी नाही, कारण मध्ये मापलं की बायका हिरमुसतात. पण ती हट्टाला पेटली. मांड्या मापल्या. किंचित उतरल्या होत्या, बाई खूष. "आता पोटऱ्या," म्हणाली, "डावा बूट लागतोय मला."

उजवी मापली. डावी मापली. डावी मोठी आली. मी मनात म्हटलं, फीत सैल धरली असेल. पुन्हा मापली. चांगली तीन सेंटिमीटरने मोठी. माझी ही फीत आयुष्यभर मी कमी झालेलं दाखवायला वापरली. वाढलेलं दाखवताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं.

मग हात ठेवला. डावी पोटरी गरम. कातडी ताणलेली, चकचकीत. दुसरी नेहमीसारखी थंडगार. मी हात असा मागे घेतला की तिने मान वळवून पाहिलं.

"काय झालं?"

"आज लाटायचं नाही."

"का? आज दुखतंय तर जास्तच. म्हणजे लागू पडतंय ना?"

माझंच वाक्य, माझ्याच आवाजात. मुरिएल, एकच पाय सुजलेला आणि गरम असला तर त्याला बोट लावायचं नाही, हे आम्हाला मालिशच्या शाळेत पहिल्या महिन्यात शिकवतात. मला येतं ते. झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. पण गेल्या शनिवारी ती दुखतंय म्हणाली तेव्हा मी पोटरीकडे बघितलंच नाही, कारण आमच्या दुकानात दुखणं ही आनंदाची बातमी असते.

मी म्हटलं, चल, दवाखान्यात, आत्ता. ती उठून बसली आणि पँट ओढायला लागली. "नाही. इस्पितळात गेले की विम्याचा कागद सेतला जातो. आईच्या नावावर आहे सगळं. ती विचारेल, तू ओरियाकला काय करत होतीस?"

"विचारू दे."

"आणि तिथे विचारतील, कुठली औषधं घेतेस." मग खाली बघत, "मार्चपासून गोळी घेतेय मी. मूल न होण्याची. तिला माहीत नाही."

त्या गोळीने रक्त घट्ट होऊ शकतं, हेही मला माहीत आहे. तिला मी ते सांगितलं. ती रडायला लागली. म्हणाली, सोमवारी क्लेरमाँच्या डॉक्टरला दाखवते, शपथ, आज नको, तू आईला सांगितलंस तर मी पुन्हा येणार नाही. आणि मी, अठ्ठावन्न वर्षांची घोडी, गप्प बसले. ती पुन्हा येणार नाही, या एका वाक्याला भ्याले. पायाखाली उशी ठेवून दिली आणि सूप केलं. तुझ्या मुलीच्या पायात काय चाललंय ते ओळखून मी सूप केलं.

झोप कसली येते. सारखं वाटत होतं, वर जाऊन श्वास चालू आहे का बघावं. दोनदा गेले. चालू होता.

तुला फोन करायला हवा, हे कालच कळत होतं. करत नाहीये. पत्र लिहितेय, कारण पत्राला तीन दिवस लागतात आणि तीन दिवस तू मला काही बोलू शकत नाहीस. बघ, तुझी बहीण कशी आहे ते.

उठली वाटतं. जिन्यावर पावलं वाजताहेत.

थांबली. मधल्या वळणावर थांबली. उतरताना कुणाला धाप लागते का? वीस वर्षांची पोर, जिना उतरताना

मला हाक मारतेय. छातीत दुखतंय म्हणतेय.

पत्र पुरे. फोन करते. आधी रुग्णवाहिका, मग तू.


ओरियाक, इस्पितळाची पायरी
मंगळवार, २० मे

मुरिएल,

तू म्हणालीस, "तुझ्याशी बोलायची माझ्यात ताकद नाही. काय काय केलंस ते लिहून दे. सगळं." तू आत तिच्या उशाशी आहेस, मी बाहेर पायरीवर. लिहून देते. रविवारी अर्धवट सोडलेलं पत्रही सोबत जोडते, ते आधी वाच.

मांड्या लाटल्या, दोन्ही, मागून आणि बाहेरून. गुडघ्याच्या वर थांबले. गुडघ्यामागच्या खोलगट भागात बोटं गेली नाहीत, हे मी शपथेवर सांगते. पोटरी लाटली नाही. पण ज्या दिवशी ती दुखतंय म्हणाली त्या दिवशी तिच्यावर चापट मारली. ती धरायची की नाही ते तू ठरव. शेवटच्या शनिवारी काहीच केलं नाही. तेल लावलं नाही, यंत्र माझ्याकडे नाहीच.

डॉक्टरबाईंना काल हेच सगळं सांगितलं. तरुण आहेत, शांत आहेत. म्हणाल्या, गाठ पोटरीपासून गुडघ्यामागपर्यंत होती, तिचे बारीक तुकडे फुप्फुसात गेले. मोठा गेला असता तर ती हाती लागली नसती. गोळी, परीक्षेसाठी तासन्‌तास बसणं आणि कदाचित रक्तातच असलेलं काही, असं मिळून झालं असावं. मी विचारलं, माझ्या हाताने तुकडा सुटला का? म्हणाल्या, "ते कुणालाच सांगता येणार नाही, मादाम. मलाही नाही."

नाही म्हणाल्या असत्या तर झोपले असते. हो म्हणाल्या असत्या तर निदान रडले असते. हे मधलं घेऊन मी कुठे जाऊ?

रविवारी इस्पितळाच्या फोनवरून तुला लावला तेव्हा तू पहिल्याच घंटीला उचललास, अनोळखी नंबर म्हणून.

"मी ओडील. ठेवू नकोस."

"कोण गेलं?"

"कुणी नाही. अजून कुणी नाही."

असं कोण बोलतं? चार वर्षांनी बहिणीचा आवाज ऐकला आणि माझ्या तोंडून हे निघालं. नंतर मला फक्त तुझ्या किल्ल्यांचा आवाज आला. चार तासांची वाट, कुठेही न थांबता आलीस. दारातून आत शिरलीस तेव्हा तू इतकी आईसारखी दिसत होतीस की मी उठून उभी राहिले.

सोलेन नळ्यांच्या मधून म्हणाली, "आई, मावशीवर ओरडू नकोस, मीच हट्ट केला." तू तिच्या कपाळावरचे केस मागे केलेस आणि म्हणालीस, "गप्प पड, गाढवे. ओरडायला जन्म पडलाय." तिच्या गोळीबद्दल एक शब्द विचारला नाहीस. ती इतके दिवस कशाला घाबरत होती आणि मी कशाला, असं मला वाटलं.

आणि मग संध्याकाळी बाकावर तू पर्स उघडलीस. त्यात माझी दोन्ही पाकिटं होती. न फोडलेली. निघताना टोपलीतून उचलून आणलीस म्हणालीस, कशाला ते तुलाही माहीत नव्हतं. तिथेच फोडलीस, माझ्यासमोर. पहिलं वाचलंस. दुसरं वाचताना एका जागी थांबलीस, आणि मला कळलं कुठे. पोटरी दुखते, दगड झालाय. तू वीस वर्षं पायच बघतेस. ती ओळ तू वाचली असतीस तर त्याच क्षणी गाडी काढली असतीस. पत्र बुधवारी तुझ्या घरात पडलं होतं.

तू कागदाची घडी घातलीस आणि म्हणालीस, "बुधवारी." एवढंच. मी हो म्हटलं. त्यानंतर तू फक्त हे लिहून मागितलंस.

मी हे तुझ्यावर ढकलायला लिहीत नाहीये. तू सगळं लिही म्हणालीस, म्हणून लिहिलं.

आणखी एक. डॉक्टरबाईंनी घरात कुणाला असं झालं होतं का विचारलं. मला आजी आठवली. बाबांच्या वेळी बाळंतीण झाली आणि तिचा एक पाय पांढरा पडून सुजला, महिनाभर पट्ट्या बांधून पडली होती, ती गोष्ट आई सांगायची. दूध पायात उतरलं, असं तेव्हा म्हणायचे. त्या ऐकून लिहून घ्यायला लागल्या. म्हणाल्या, हे तुमच्या वडिलांकडून आलेलं असू शकतं, तुम्ही दोघी बहिणींनी रक्त तपासा. तू तुझ्या त्या गोळ्या घेतेस ना अजून, गरम वाफा येतात म्हणून? पाळी जाताना दिलेल्या? कालच त्यांना विचारून घ्यायचं होतं, पण तुझ्याशी बोलायची बंदी होती. विचार. आजच विचार.

तुझी गाडी, चार तास न थांबता, एकाच बैठकीत, हेही तसंच बसणं. मला आता प्रत्येकाच्या पोटऱ्या दिसायला लागल्या आहेत.

ओडील


ओरियाक
सोमवार, २६ मे

मुरिएल,

आज दुकान बंद. तू आणि सोलेन काल संध्याकाळी गेलात. वाटेत दर तासाला थांबून चाललात, असा तिचा निरोप आलाय, फोटोसकट. पेट्रोलपंपावर दोघी गोल गोल फिरताय. तिचे पाय दिसतात, इस्पितळाने दिलेल्या लांब, घट्ट मोज्यांतले. मी तो फोटो मोठा करून बघितला नाही.

काल जे झालं ते तुला माहीतच आहे, तू तिथेच होतीस. पण मी तेव्हा काही बोलू शकले नाही, म्हणून लिहिते.

काल मातृदिन होता. सोलेनने इस्पितळातून सुटल्या सुटल्या तुझ्यासाठी पिओनीची फुलं घ्यायला मला पिटाळलं, आणि "एक जुडी तूही घे, मावशी, तुझीही" म्हणाली. मी फुलवाल्यासमोर येड्यासारखी उभी राहिले. मग आपण माझ्याकडे जेवलो. त्रुफाद करपली, तशीच खाल्ली. सोलेन वर पडायला गेली आणि तू भांडी तशीच टाकून खाली दुकानात उतरलीस. मी मागोमाग आले, तेव्हा तू टेबलावर चढत होतीस.

"फीत आण," म्हणालीस.

"कशाला?"

"पोटऱ्या माप. रक्ताचा निकाल यायला अजून चार दिवस आहेत. गोळ्या बंद केल्यात, पण मला आता झोप येत नाही."

तू पँट वर ओढायला लागलीस, ती गुडघ्याशी अडकली. मग तू उठलीस, माझ्याकडे पाठ करून ती काढलीस आणि परत आडवी झालीस, छताकडे बघत. मी तुझे पाय आपण समुद्रावर शिंपले गोळा करायचो त्यानंतर पाहिले नव्हते. आपल्या घरातलेच पाय आहेत. आईचे. माझे.

फीत माझ्या हातून दोनदा पडली. उजवी मापली. डावी मापली. पुन्हा मापली. मग हात ठेवला, एकीवर एक, दुसरीवर दुसरा.

"हात केवढे गार आहेत तुझे," तू म्हणालीस.

"सारख्या आहेत. दोन्ही थंड. दोन्ही मऊ."

तू डोळे मिटलेस. मला वाटलं झालं, फीत गुंडाळायला घेतली. तेव्हा तू डोळे न उघडता म्हणालीस, "मांडीपण माप."

"मांडीचं काय?"

"पन्नासाव्या वाढदिवसाला सगळ्यांसमोर म्हणाली होतीस, फुकट मापून देते. मग दे की."

मी मापली नाही. ते मला जमलंच नसतं. मी माझा झगा वर केला, पायमोजे खाली ओढले आणि तुझ्या शेजारी टेबलाच्या कडेला बसले, माझी मांडी तुझ्या मांडीला लावून. तू मान वळवून पाहिलंस, मग बराच वेळ पाहिलंस.

"तुला पण?" म्हणालीस.

"दहातल्या नऊ."

"आणि तू मला सगळ्यांसमोर..."

"हो. मी तुला."

तू हसलीस. मग ते हसू मोडलं आणि तू माझ्या खांद्यात तोंड खुपसून रडलीस, आणि मी तुझ्या पाठीवर हात ठेवू की नको, हे माझ्या हातांना ठरवता येईना. ते हात कुणावर ठेवायची मला भीती वाटते, मुरिएल. हे मी बोलले नाही, आणि हेच सांगायला हे पत्र.

उद्या मादाम वेर्दिये येणार आहे. तिला फोनवर सांगितलं, आधी पोटऱ्या बघणार, मग मांड्या, आणि दुखलं तर थांबणार. ती म्हणाली, "ओडील, तू म्हातारी झालीस. दुखल्याशिवाय काय उपयोग?" मी म्हटलं, उपयोग तसाही चार-सहा आठवड्यांचाच आहे, तो न दुखता घ्या. ती फणकारली, पण येणार आहे. आली की तिच्या पोटरीवर हात ठेवायच्या आधी मी स्वयंपाकघरात जाऊन एक मिनिट उभी राहीन, हे मला आत्ताच दिसतंय. कदाचित आता नेहमीच राहीन.

माझंही रक्त दिलंय. निकाल गुरुवारी येईल, तुझा त्याच सुमारास. तुझ्यात निघालं तर काय, माझ्यात निघालं तर काय, आणि दोघींमध्ये नाही निघालं तर मग ते सोलेनला झालं कशाने, हे सगळे विचार मी रोज करते. मला धीर द्यायला सांगत नाहीये. तूही तेच विचार करत असशील, एवढं कळलं की पुरे.

तुझ्या निकालाचं पाकीट आलं की फोड. टोपलीत टाकू नकोस. आणि मला पत्र लिहू नकोस, मुरिएल. फोन कर. मी पहिल्या घंटीला उचलते.

ओडील